मनसबीचा मान आणि पराधीन पोट

अजिंठ्याचे नाव लेण्यांमुळे जगभर झाले. परंतु या गावच्या घाटाने आणखी एक देखावा पाहिला आहे, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. बऱ्हाणपुराहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, येणारी मोगली वाट याच घाटाने चढे. त्या वाटेने आलेली फौज कोणत्या नियमांनी बांधलेली होती, हे आमच्या वाचकांनी एकवार पाहावे.

अकबराने घालून दिलेल्या मनसबदारीत प्रत्येक सरदारास दोन आकडे मिळत : ‘जात’ म्हणजे दर्जा व वेतन, आणि ‘सवार’ म्हणजे पदरी ठेवावयाचे स्वार. घोड्यास डाग देत, शिपायाचा चेहरा दप्तरी लिहून घेत. वेतनाऐवजी जहागीर मिळे, पण ती बदलती. आणि मनसब कायद्याने वंशपरंपरागत नव्हती. १६६५ च्या पुरंदरच्या तहात अवघ्या आठ वर्षांच्या संभाजीराजांस पंचहजारी मनसब ठरली. दोन वर्षांनी ते याच औरंगाबादेस शाहजादा मुअज्जम याच्या भेटीस आले. आठ वर्षांच्या मुलास पाच हजारांचा दर्जा! यावरून हा मान पराक्रम मोजण्यापेक्षा माणूस बांधून ठेवण्यासाठीच होता, हे उघड आहे.

दरबारातील रांग, नजराणा, खिलत हे सारे त्याच बंधनाचे पदर होत. १६६६ च्या मे महिन्यात आग्र्यास शिवाजीमहाराजांनी ती रांग नाकारली. त्यांचा राग केवळ जागेबद्दल होता असे मानणे भोळेपणाचे होय; आपली किंमत दुसऱ्याने ठरवावी, हेच त्यांस मान्य नव्हते.

याच शतकात चीन जिंकणाऱ्या मांचूंनी नेमकी उलट वाट धरली. १६१५ च्या सुमारास त्यांची सारी जमात आठ निशाणांखाली विभागली गेली. निशाणाची चाकरी पिढीजात, वसाहत वेगळी, पगार चांदीत व धान्यात. व्यापार व शेती मात्र निषिद्ध. शिकार, तिरंदाजी व कुळाचे यज्ञविधी यांनी लढवय्येपणा टिकेल, अशी बादशहांची समजूत होती. माणसे वाढली, पगार पुरेना, आणि दुसरा धंदा येईना. १९१२ मध्ये राज्य गेले तेव्हा कित्येक निशाणदार आधीच दरिद्री झालेले होते. इकडे औरंगजेबाच्या अखेरच्या काळात मनसबदार उदंड व जहागिरी अपुऱ्या, अशी अवस्था आली.

एकीकडे पद वंशाचे, दुसरीकडे बादशहाच्या मर्जीचे. परिणाम मात्र एकच, पराधीन पोट. आमच्या व्यापारी वाचकांस हा हिशेब सांगावयास नको. तरीही सोयरीक ठरविताना आपण पणजोबाची सरदारी प्रथम विचारतो, मुलाचा उद्योग मागाहून! ज्या घरात मुलगा स्वतःच्या हाताने मिळवितो आणि मुलगीही मिळविते, ते घर आमच्या मते पंचहजारीहून थोर होय. निदान येत्या लग्नसराईत तरी बैठकीतला पहिला प्रश्न बदलावा, एवढीच आमची विनंती आहे.