प्रार्थना करणारा कप्तान
(आत्मपरीक्षण : लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण लावदिकीयाच्या मंडळीची सुस्ती पाहिली. सुस्ती ओळखायला तशी सोपी. बायबलवर धूळ साचते, प्रार्थना उरकली जाते, रविवारी उपासनेला जायचा कंटाळा येतो. मग ज्याच्या भक्तीत एक दिवसाचाही खंड नाही, त्याने निर्धास्त राहावे का? जॉन न्यूटनचे चरित्र वाचल्यावर तसे म्हणवत नाही.

‘अमेझिंग ग्रेस’ या गीताचा कर्ता म्हणून तो आपल्याला माहीत आहे. सभांमधून त्याची साक्ष ठरावीक साच्यात सांगितली जाते : गुलामांच्या जहाजावरचा पापी खलाशी वादळात सापडला, देवाचा धावा केला, तारण पावला आणि तो धंदा टाकून पाळक झाला. घटनांचा क्रम मात्र असा नाही. वादळ झाले मार्च १७४८ मध्ये. गुलामांच्या जहाजाचा कप्तान तो झाला १७५० मध्ये, म्हणजे त्या अनुभवानंतर. १७५४ पर्यंत कप्तान म्हणून त्याने तीन सफरी केल्या. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर माणसे विकत घ्यायची आणि वेस्ट इंडीजला नेऊन विकायची, हे त्याचे काम.

याच सफरींत तो रविवारी दोन वेळा खलाशांना जमवून उपासना घेऊ लागला. शास्त्रवाचन चाले, प्रार्थना चाले, रोजनिशीत स्वतःच्या मनाची झडती घेणे चाले. पत्नी मेरीला लिहिलेल्या पत्रांत देवाचे उपकारस्मरण वारंवार येते. आणि डिसेंबर १७५२ मध्ये, गुलाम बंड करणार असा संशय आल्यावर, काही मुलांकडून कबुली काढण्यासाठी त्यांच्या अंगठ्यांना पेच लावल्याची नोंदही त्याच्याच हातची आहे. वरच्या फळ्यांवर उपासना, खालच्या कोठीत साखळदंड.

त्याला ढोंगी म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. ढोंग्याला आपले ढोंग ठाऊक असते. न्यूटन मनापासून प्रार्थना करत होता. हे काम तुरुंगाधिकाऱ्यासारखे आहे असे त्याला वाटे आणि अधिक माणुसकीचे काम मिळावे असे मागणेही तो मागे. पण हा धंदाच पाप आहे, हे मनात आले नाही. त्याने समुद्र सोडला तोही १७५४ मध्ये अचानक झटका येऊन प्रकृती ढासळली म्हणून. पुढे १७६४ मध्ये छापलेल्या आत्मकथनातही त्या काळात आपल्याला या व्यापाराची टोचणी नव्हती, असे तो सांगतो.

आत्मपरीक्षण करा, असे ही लेखमाला पाच आठवडे सांगते आहे. न्यूटन ते करतच होता! मग अडले कुठे? मला वाटते, पापांची जी यादी घेऊन तो मन तपासत होता, ती त्याच्या समाजाने तयार केली होती. गर्व, देवाचा विसर, प्रार्थनेतले चंचल मन हे त्या यादीत होते. लिव्हरपूलचे प्रतिष्ठित लोक उजळ माथ्याने जो व्यापार करत होते, तो तिच्यात येणार कसा?

दावीद राजाचेही तेच झाले. दुसऱ्याची मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट ऐकून तो खवळला, न्यायही अचूक केला. तो श्रीमंत म्हणजे तो स्वतःच, हे मात्र नाथान संदेष्ट्याला सांगावे लागले. न्यूटनच्या काळातही असे नाथान होते : गुलामगिरीविरुद्ध क्वेकर आधीपासून बोलत होते. जॉन वेस्लीची पुस्तिका १७७४ ची. १७८७ मध्ये लंडनमध्ये व्यापारबंदीसाठी संस्था निघाली आणि १७८८ मध्ये, समुद्र सोडल्यावर ३४ वर्षांनी, न्यूटनने पुस्तिका लिहून आपला वाटा उघडपणे कबूल केला. कबुलीला फार उशीर झाला, हेही त्याने लिहिले. १७९० मध्ये त्याने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली.

आता आपली यादी. दारू, तंबाखू, चुकलेली उपासना हे तिच्यात ठळक असते. स्थळ पाहताना ‘मूळचे कोण?’ असे हळूच विचारणे तिच्यात आहे का? ‘भेट’ म्हणून घेतलेला हुंडा? बाप्तिस्म्याला दोन-तीन पिढ्या उलटलेल्या घरांतही हा जातीचा प्रश्न विचारला जातो, आणि लगेच जेवणाआधीची प्रार्थना होते. याविषयी आपल्याच मनाला विचारून उपयोग नाही, ते न्यूटनसारखेच निर्मळ उत्तर देईल. जिचे स्थळ त्या प्रश्नावर मोडले त्या मुलीला विचारावे, किंवा भेटवस्तूंसाठी कर्ज काढलेल्या तिच्या वडिलांना. आपल्या मंडळीतला नाथान बहुधा पास्टोरेट कमिटीत नसतो.