कामगाराचे मौन

वरिष्ठांपुढे गप्प राहणे यास एका समाजात विनय म्हणतात, तर दुसऱ्या समाजात तेच मौन लपवाछपवी ठरते. कामावर येताना मनुष्य आपल्या घरची व समाजाची वळणे बरोबर घेऊनच येतो. डच संशोधक गीर्ट होफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या एकाच कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांनी भरून दिलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांचा अभ्यास केला. कंपनी एक, कामे सारखी. तथापि साहेबांशी मतभेद दाखविण्याची भीती किती वाटते, याची उत्तरे देशोदेशी निरनिराळी आली.

मात्र यावरून ‘अमुक लोक स्वभावतःच असे’ असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील मोटार-कारखान्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. गैरहजेरी, तंटे आणि सदोष मोटारी यांमुळे बदनाम झालेला जनरल मोटर्सचा हा कारखाना १९८२ साली बंद पडला. १९८४ साली जपानच्या टोयोटा कंपनीच्या भागीदारीत तो नव्या नावाने सुरू झाला. कामगार मात्र बव्हंशी जुनेच होते.

पूर्वी तेथे जुळणीची धावती रांग थांबविणे हा जणू गुन्हाच मानला जाई. दोष दिसला तरी मोटार तशीच पुढे सरके. टोयोटाच्या पद्धतीत कामगाराच्या हाताशी एक दोरी टांगलेली असे. चूक दिसताच त्याने ती ओढावयाची. की गटप्रमुख मदतीस धावे, आणि अडचण वेळेत न सुटल्यास रांग थांबे. चूक कोणाची, यापेक्षा ती कशामुळे झाली, याचा शोध आधी घेतला जाई. शेकडो कामगार जपानला जाऊन ही रीत शिकून आले. थोड्याच काळात त्याच हातांनी जोडलेल्या मोटारी गुणवत्तेत जपानी मोटारींच्या तोडीस उतरल्या. हा संयुक्त कारखाना २०१० पर्यंत चालला.

जनरल मोटर्सने त्याच राज्यातील व्हॅन नायस येथे ही पद्धत आणून पाहिली. पण तेथील अधिकाऱ्यांना रांग थांबलेली खपत नसे. तेथे ती रुजली नाही, आणि १९९२ साली तो कारखाना बंद झाला.

मौनाची सवय समाज लावतो हे खरे. परंतु ती टिकते की मोडते, हे पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्यास मिळालेल्या वागणुकीवर ठरते. औषधाची चुकीची मात्रा लक्षात आलेली परिचारिका डॉक्टरांस अडवील की नाही, याचे उत्तरही तेथेच आहे.