खर्ज आणि पाया : रिक लेयर्ड यांच्या ध्वनिमुद्रिकांविषयी

जॅझ संगीतासंबंधी मराठीत जे थोडेफार लिहिले गेले आहे, त्यात ट्रंपेट व सॅक्सोफोन ही वाद्ये अग्रभागी असतात. बेस वाजविणाऱ्याचे नाव वादकांच्या यादीत शेवटून दुसरे येते आणि बहुधा तेथेच राहते. हा दोष सर्वस्वी लेखकांचा नव्हे. डबल बेस या वाद्याची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ आंदोलने करते. घरगुती रेडिओच्या लहान ध्वनिक्षेपकाला इतका खालचा स्वर उमटविताच येत नाही. नागपूरला आकाशवाणीचे केंद्र १९४८ साली सुरू झाले. परंतु जॅझ ऐकावयाचा तर लघुलहरींकडेच वळावे लागे. विलिस कोनोव्हर यांचा 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वरील जॅझचा कार्यक्रम १९५५ पासून जगभर ऐकला जाई. अशा श्रवणात बेसचा मूळ स्वर कानापर्यंत पोहोचतच नाही. पोहोचतात ते त्याचे उपस्वर, आणि त्यांवरून कान मूळ स्वराचे अनुमान करतो. नैयायिकाने पर्वतावरील धूर पाहून अग्नी जाणावा, त्यातलाच हा प्रकार होय. पुढे चांगली यंत्रे आल्यावर अनेकांना आपल्या परिचित तबकड्यांत आणखी एक वादक होता असा शोध लागला, यात नवल नाही.

असा शोध ज्या वादकाच्या बाबतीत मराठी श्रोत्याने मुद्दाम घ्यावा, ते रिक लेयर्ड होत. त्यांचा जन्म १९४१ साली डब्लिन येथे झाला. पौगंडावस्थेत ते न्यूझीलंडला गेले, तेथून ऑस्ट्रेलियास व पुढे इंग्लंडला. लंडनच्या रॉनी स्कॉट यांच्या प्रसिद्ध क्लबात ते काही वर्षे नियुक्त बेसवादक होते. पाहुणा म्हणून आलेल्या अमेरिकन वादकाला साथ करणे हे त्यांचे नित्याचे काम. या माणसाच्या वादनाचे दोन नमुने उपलब्ध आहेत. एक १९६५ सालचा, 'इंडो-जॅझ सूट' या ध्वनिमुद्रिकेतील. दुसरा १९७१ ते १९७३ या काळातील, 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' या वाद्यवृंदातील. पहिल्यात तंबोरा आणि तबला आहेत, दुसऱ्यात नाहीत. भाषाशास्त्राचा विद्यार्थी 'काल' आणि 'गाल' हे शब्द शेजारी ठेवून एका ध्वनीचे कार्य ठरवितो, जवळपास त्याच रीतीने या दोन नमुन्यांवरून बेस या वाद्याचे कार्य तपासता येते.

तत्पूर्वी एका शब्दाचा विचार करणे इष्ट आहे. बेससाठी मराठी माणसाच्या तोंडी सहज येणारा शब्द 'खर्ज' हा होय. हा शब्द 'षड्ज' या शब्दाचाच अवतार आहे. उत्तरेकडे ष्-चा उच्चार ख् असा होऊन 'खरज' रूप सिद्ध झाले आणि ते गायकांच्या बोलीतून मराठीत स्थिरावले. मराठीत मात्र त्याचा अर्थ सरकला. 'खर्जातला आवाज' म्हणताना षड्ज अभिप्रेत नसतो, खालची पट्टी अभिप्रेत असते. तंबोऱ्याच्या चौथ्या तारेच्या ठायी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, कारण ती तार सर्वांत खालचीही आहे आणि षड्जाचीही. त्यामुळे जे सर्वांत खाली ते 'सा', आणि जे 'सा' ते अचल, अशी एक समजूत शब्दाबरोबरच कानात रुजते. जॅझचा बेस ऐकताना हीच समजूत आड येते.

युरोपीय स्वरसंवादपद्धतीत खालचा स्वर स्थिर नसतो. तो बदलला की वरच्या स्वराचा अर्थ बदलतो. गायकाने पंचम धरून ठेवला आहे असे समजावे. खाली षड्ज असेल तर तो पंचम म्हणूनच ऐकू येईल. खालचा स्वर कोमल गंधार केला तर तोच स्वर शुद्ध गंधारासारखा भासेल. कोमल धैवत केला तर शुद्ध निषादासारखा, आणि मध्यम केला तर रिषभासारखा. वरचा स्वर जराही हललेला नाही, तरी तीन वेळा त्याचा अर्थ पालटला. वाक्यातील स्थान बदलल्याने एकाच शब्दाचे कार्य बदलावे तसे हे आहे. बेसवादक हा असा प्रत्येक क्षणी वरच्या स्वरांना विभक्ती लावीत असतो. मात्र तो हे काम ठरावीक लयीत करतो. म्हणजे तालाचे भानही त्याच्याच हाती असते. अर्थ पालटणे आणि लय राखणे ही दोन कार्ये एका वाद्यात एकवटली आहेत, हे ध्यानी ठेवले म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल.

'इंडो-जॅझ सूट'चे रचनाकार जॉन मेयर हे कलकत्त्याचे. जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरिअट यांच्यासह त्यांनी लंडनमध्ये दहा वादकांचा, म्हणजे दोन पंचकांचा, मेळ जमविला. हॅरिअट यांच्या पंचकात ट्रंपेट, पियानो, बेस व ड्रम्स होते; मेयर यांच्या पंचकात त्यांचे स्वतःचे व्हायोलिन, बासरी, दिवाण मोतीहार यांची सतार, तंबोरा आणि केशव साठे यांचा तबला. ध्वनिमुद्रिका १९६६ साली प्रसिद्ध झाली. तिच्या चार भागांपैकी दोघांना रागांचीच नावे आहेत : मेघ आणि गौडसारंग.

मेघाचे उदाहरण पुरेसे आहे. या रागात गंधार व धैवत वर्ज्य, निषाद कोमल. उरतात सा, रे, म, प, नि हे पाच स्वर. युरोपीय पद्धतीची त्रिस्वरी एकेका स्वराआड स्वर घेऊन रचली जाते. मेघाच्या पाच स्वरांत अशा फक्त दोनच त्रिस्वरी बसतात : कोमल निषादावर नि-रे-म आणि पंचमावर प-नि-रे. षड्जावर एकही बसत नाही, कारण गंधारच नाही. म्हणजे ज्या स्वरावर सर्व रागाचे अधिष्ठान, त्याच स्वरावर युरोपीय अर्थाने इमारत उभी राहत नाही. बेसवादक पंचमावर किंवा निषादावर उतरला, तर वरचे स्वर क्षणभर नवा अर्थ घेऊ पाहतात. पण तंबोरा आपला षड्ज सोडीत नाही व तो अर्थ पक्का होऊ देत नाही. लयीचे काम करावे म्हटले, तर ठेका साठे यांच्याकडे आहे, शिवाय ॲलन गॅनली यांचे ड्रम्स आहेतच. बेसची दोन्ही परंपरागत कार्ये येथे अगोदरच दुसऱ्यांकडे गेलेली आहेत. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर बेस येथे अतिरिक्त ठरतो. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात : लिहून दिलेल्या स्वरवाक्यांत इतर वाद्यांबरोबर चालणे, किंवा जॅझच्या भागात आपली नेहमीची चाल चालून तंबोऱ्याशी होणारा ताण पत्करणे. ध्वनिमुद्रिका ऐकताना लेयर्ड कोणत्या ठिकाणी कोणती वाट धरतात एवढ्यावरच लक्ष ठेवले, तरी दोन संगीतपद्धतींची सांधेजोड कोठे घट्ट बसली आहे आणि कोठे ती सैल आहे हे कळून येते. या रचनेवर अभिजाततेच्या बाजूने बरीच टीका होऊ शकते. रागाचा विस्तार येथे होत नाही, केवळ त्याची स्वरमाला वापरली जाते, हा आक्षेप खराच आहे. परंतु प्रयोग म्हणून तिची किंमत त्यामुळे उणावत नाही.

यानंतर लेयर्ड अमेरिकेस गेले, शिकले, बडी रिच यांच्या वृंदात वाजवू लागले. लंडनमध्ये ओळख झालेले गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांनी १९७१ साली 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' स्थापन केला, तेव्हा बेससाठी त्यांनी लेयर्ड यांना बोलाविले. व्हायोलिनवर जेरी गुडमन, कळफलकावर प्राग येथून आलेले यान हॅमर, ड्रम्सवर पनामात जन्मलेले बिली कोबॅम. वृंदाचे नाव संस्कृत, पण वाद्य एकही भारतीय नाही. तरीही तालाची कल्पना भारतीय अंगाची आहे. 'बर्ड्स ऑफ फायर' ही १९७३ सालच्या तबकडीतील शीर्षकरचना अठराच्या आवर्तनात बांधली आहे. आपल्याकडे लक्ष्मीताल अठरा मात्रांचा मानतात. चारांत चार मिळविणाऱ्या कानाला असे आवर्तन मोजणे अवघड जाते. ते मोजून देणारा कोणी तरी हवा, आणि तो कोबॅम असू शकत नाही. त्यांचे वादन ठेक्याचे नसून जवळजवळ एकल तबलावादनाच्या थाटाचे आहे. म्हणून लेयर्ड एक स्वरवाक्य घेतात आणि ते पुन्हा पुन्हा वाजवीत राहतात. सम कोठे आहे ते त्या वाक्याच्या आरंभावरून कळते, आधारस्वर कोणता हेही त्याच वाक्यावरून कळते. १९७१ च्या पहिल्या तबकडीतील 'यू नो यू नो' ही रचना तर तबल्याच्या श्रोत्याने अवश्य ऐकावी. तीत एक लहानसे वाक्य अखंड फिरत राहते आणि मधल्या मोकळ्या जागा ड्रम्स भरतात. लेहऱ्यावर तबला वाजावा तशीच ही मांडणी आहे.

तंबोरा आणि तबला काढून घेतल्यावर बेसने कोणते काम उचलले, ते यावरून स्पष्ट होते : दोघांचेही. स्वराचा पाया आणि तालाचे माप एकाच आघातात देणारे वाद्य महाराष्ट्राला अपरिचित नाही. गोंधळात संबळाबरोबर, तमाशात ढोलकीबरोबर आणि विदर्भातील खडी गंमतीतही जे तुणतुणे वाजते, ते हेच करते. त्याची एकच तार आधारस्वर देते आणि तिच्यावरील आघात लय देतो. 'एकच तुणतुणे वाजविणे' हा वाक्प्रचार कंटाळवाण्या पुनरुक्तीसाठी रूढ झाला, हा त्या वाद्यावर अन्यायच झाला. ती पुनरुक्ती थांबली तर गोंधळी कोठे उभा राहील? महाविष्णू ऑर्केस्ट्रातील बेस समजून घेण्यास खर्ज या शब्दापेक्षा तुणतुण्याची उपमा अधिक उपयोगी पडते. भेद इतकाच की तुणतुण्याचा स्वर एक, बेसचे वाक्य अनेक स्वरांचे. आणि रचनेच्या नव्या खंडात ते वाक्य बदलूही शकते.

दोन नमुन्यांची ही तुलना काटेकोर नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. 'काल' आणि 'गाल' यांत एकाच ध्वनीचा फरक आहे. येथे पुष्कळ गोष्टी बदलल्या आहेत. १९६५ साली लेयर्ड यांच्या हाती लाकडी डबल बेस होता, महाविष्णूत विद्युत् बेस गिटार. मेयर यांची रचना लिहिलेली, तर मॅक्लॉफलिन यांच्या वृंदात उत्स्फूर्त वादनाला मोठा वाव. म्हणून दोन शेजारची उदाहरणे ताडून पाहणे योग्य ठरेल. १९६७ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील फिलिंगेन येथे 'जॅझ मीट्स इंडिया' ध्वनिमुद्रित झाली. तीत मोतीहार व साठे पुन्हा आहेत, तंबोराही आहे, आणि बेसवर जर्मनीचे उली ट्रेप्टे. येथील जॅझवादक मुक्त पद्धतीचे असल्यामुळे स्वरसंवादाचे बंधन त्यांनी आधीच सैल केले होते, साहजिकच तंबोऱ्याशी तंट्याचे कारणही कमी झाले. दुसरे उदाहरण मॅक्लॉफलिन यांच्याच 'शक्ती' या पुढील मेळाचे. त्यात झाकीर हुसेन यांचा तबला आला, विक्कू विनायकराम यांचा घटम आला, आणि बेस नाहीसा झाला. ठेका परत आल्यावर बेसची जागा रिकामी ठेवली तरी भागले. दोन्ही उदाहरणे वरील अनुमानास पुष्टी देतात.

लेयर्ड यांनी १९८२ साली वादन सोडले व छायाचित्रणाचा व्यवसाय पत्करला. महाविष्णू ऑर्केस्ट्राचे १९७३ साली लंडनमध्ये केलेले व अप्रकाशित राहिलेले मुद्रण १९९९ साली बाहेर आले. ४ जुलै २०२१ रोजी ते निधन पावले.

मराठी संगीतेतिहासाच्या दृष्टीने या तबकड्यांत आणखी एक काम शिल्लक आहे. केशव साठे यांचा जन्म १९२८ सालचा, मुंबईचा. ते लंडनला स्थायिक झाले आणि इंग्रजी लोकगीतांच्या वादकांपासून जर्मन जॅझवाल्यांपर्यंत सर्वांबरोबर त्यांनी तबला वाजविला. २०१२ साली ते वारले. तबल्याविषयीच्या मराठी लेखनात त्यांना मिळालेली जागा त्या मानाने फारच तोकडी आहे. तंबोरा छेडणाऱ्याचे नाव तर 'इंडो-जॅझ सूट'वर चंद्रहास 'पैगंका' असे छापले आहे. असे आडनाव मराठीत वा कोंकणीत संभवत नाही. गोव्यात काणकोण तालुक्यात पैंगीण नावाचे गाव आहे, आणि त्यावरून पैंगीणकर हे आडनाव सिद्ध होते. दक्षिण इंग्लंडच्या बोलीत शब्दान्तीचा र् उच्चारला जात नाही. त्या कानाला 'कर' आणि 'का' यांत भेद जाणवू नये हे स्वाभाविक आहे. लंडनमध्ये कोणी तरी ते नाव ऐकून लिहून घेतले असावे आणि त्या लेखनात शेवटचा र् गळाला असावा. पुढील पुनर्मुद्रणांतही तो परत आलेला नाही.