उतारवयात सोबत हवी, सवत नको



आपल्या गावातून मनातल्या मनात एक फेरी मारून पाहा. कोणत्या घरात म्हातारपणी एकटा पुरुष उरला आहे आणि कोणत्या घरात एकटी बाई, हे बोटांवर मोजा. बायकाच अधिक भरतील. नवरा बहुधा वयाने मोठा असतो आणि बायका सरासरीने जास्त जगतात, म्हणून हे असे होते.

हेच पाहून १९६६ साली व्हिक्टर कॅसल या अमेरिकन डॉक्टरांनी एक लेख लिहिला. साठीनंतर पुरुषाला एकाहून अधिक बायका करण्याची मुभा द्यावी, असे त्यांनी सुचविले. एकट्या बायकांना घर मिळेल, चौघांच्या पंगतीत दोन घास जास्त जातील, आजारपणात सेवा वाटून होईल, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेब ऐकायला बरा वाटतो. पण तुम्हीच सांगा, चाळीस वर्षे खुरपे चालवून जिने संसार उभा केला, तिने साठीला आल्यावर आपली चूल दुसरीबरोबर का वाटून घ्यावी? आणि सेवा वाटून घ्यायची, तर ती करायची कोणी? बायकांनीच ना!

आपल्याकडे सवतीचा जाच नवा नाही. म्हणूनच मुंबई प्रांतात १९४६ साली हिंदूंमध्ये द्विभार्या बंदीचा कायदा झाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही बंदी देशभर आली. बौद्ध, जैन आणि शीखही त्याच कायद्यात येतात. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात पुरुषाला चार विवाहांपर्यंत मुभा आहे. पण वय झाले म्हणून वेगळी सवलत दोन्हीकडे नाही.

हिंदू विवाह कायद्याखाली पहिली बायको हयात असताना आणि घटस्फोट झालेला नसताना केलेले दुसरे लग्न मुळातच रद्द ठरते. पहिलीने संमती दिली तरी ते कायदेशीर होत नाही. भारतीय न्याय संहितेप्रमाणे अशा गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरीच्या मुलांना आईबापाच्या मालमत्तेत हक्क मिळतो. ती स्वतः मात्र पत्नी म्हणून वारस होत नाही. म्हणजे तिचीही फसवणूकच!

मग एकट्यांनी काय करावे? विधुर आणि विधवा यांनी एकमेकांशी लग्न करायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असते ती आपली. लोक काय म्हणतील, आणि जमिनीचे काय होईल?

दुसरी भीती अगदीच खोटी नाही. मृत्युपत्र नसेल, तर वडिलांच्या पश्चात नव्या पत्नीलाही मुलामुलींइतकाच हिस्सा मिळतो. म्हणून लग्नाआधीच सगळ्यांनी एकत्र बसावे, वकिलाचा सल्ला घ्यावा आणि वडिलांनी मृत्युपत्र करून ठेवावे. त्यात नव्या पत्नीच्या निवाऱ्याची आणि पोटापाण्याची सोय विसरू नये. लग्नाची नोंदही करावी. विधवेच्या नावावर पहिल्या पतीकडून वारसाने आलेली जमीन पुनर्विवाहाने जात नाही, हेही तिच्या माहेरच्यांनी आणि सासरच्यांनी ध्यानात ठेवावे.

ज्यांना लग्न नको, त्यांच्यावर ते लादू नये. पण आज रात्री तुमच्या घरातल्या एकट्या माणसाच्या ताटाशेजारी आपले ताट मांडा आणि विचारा, "आबा, एकटे वाटते का? आई, तुझ्या मनात काय आहे?" विचारले नाही, तर ती माणसे आपणहून कधी सांगणार नाहीत.