स्वस्त फेणी: चव काय सांगते आणि काय सांगत नाही

सुरतेत राहून हिवाळ्याच्या सकाळी नीरा प्यायली नाही, असे घर आपल्यात क्वचितच सापडेल. सकाळची ती गोड नीरा उन्हात राहिली की आंबू लागते आणि तिची ताडी होते. त्यात कोणी मुद्दाम काही घालत नाही. हवेतले आणि भांड्यातले सूक्ष्म जीव साखर खातात आणि तिचे मद्य करतात. गोव्याची फेणी समजून घ्यायला एवढी ओळख पुरेशी आहे. तिथे ताडाच्या रसाच्या जागी काजूच्या बोंडूचा रस असतो, आणि तो आंबल्यावर भट्टीत गाळतात.

हा विषय मंडळाच्या पानावर घेण्याचे कारण साधे आहे. सुट्टीत आपली बरीच कुटुंबे गोव्याला जातात. तिथल्या दुकानांत फेणीच्या स्वस्त बाटल्या रांगेने मांडलेल्या दिसतात आणि परतल्यावर गप्पांमध्ये दोन मते हमखास ऐकू येतात. एक, स्वस्त देशी म्हणजे विषच. दुसरे, जितका वास उग्र तितकी फेणी अस्सल. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दुसरा तर जिवावर बेतू शकतो. जे पीत नाहीत त्यांनीही हे वाचावे अशी आमची विनंती आहे. त्याचे कारण लेखाच्या शेवटच्या भागात येईल.

फेणी कशी होते

काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. मार्च ते मे हा बोंडूंचा हंगाम. फेणीसाठी बोंडू तोडत नाहीत, पिकून खाली पडलेले वेचतात. बी वेगळी काढायची आणि फळ कोळंबीत, म्हणजे दगडात कोरलेल्या कुंडात, पायांनी तुडवायचे, ही जुनी रीत. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आले आहे. चोथ्याचा ढीग वेलीने बांधून त्यावर जड दगड ठेवला की जो स्वच्छ रस झिरपतो तो ‘नीरो’. आपली नीरा आणि त्यांचा नीरो नावाने जवळचे, आणि दोन्ही ताजेच प्यायचे.

बाकीचा रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो. मग तो भट्टीवर भांड्यात उकळतात आणि वाफ थंड करून जमा करतात. पहिल्या गाळणीतून येतो तो हुर्राक. त्यात मद्याचे प्रमाण साधारण 15 टक्क्यांच्या आसपास असते, आणि तो हंगामातच लिंबू, मीठ, मिरची घालून संपवतात. हुर्राक आणि आंबलेला रस एकत्र करून पुन्हा गाळला की फेणी होते, साधारण 42 टक्क्यांची. ओतताना वर फेस येतो, त्यावरून हे नाव पडले असे मानतात.

काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. दक्षिण गोव्यात माडाच्या ताडीपासूनही फेणी करतात. तिचा वास सौम्य असतो.

स्वस्त का, हे आधी विचारावे

जगात फेणीची चुलतबहीण शोधायची तर मेक्सिकोची मेझकाल. ती घायपातीच्या जातीच्या झाडापासून करतात. आपल्याकडे बांधावर काटेरी पानांची घायपात, म्हणजेच केकताड, असते ना, तीच जात. तिचा गड्डा जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर भाजतात, म्हणून मेझकालला धुराचा वास असतो. पण ते झाड तयार व्हायला सहा-आठ वर्षे किंवा जास्तही लागतात, आणि एकदा गड्डा काढला की झाड संपले. त्यामुळे मेझकाल स्वस्त करायची तर कुठेतरी वेळ वाचवावा लागतो. गड्डा खड्ड्यात न भाजता मोठ्या यंत्रात वाफेवर शिजवतात आणि कारखान्यातल्या उंच नळकांड्यांत गाळतात. नियम तिकडेही आहेत. लेबलवर ‘मेझकाल’, ‘आर्तेसानाल’ आणि ‘आन्सेस्त्राल’ असे तीन प्रकार लिहिले जातात. स्वस्त बाटली बहुधा पहिल्या प्रकारातली असते. ती पिण्यालायक असतेच, पण तिची चव पातळ असते आणि लवकर विरते.

फेणीचे गणित वेगळे आहे. काजूच्या शेतकऱ्याचे मुख्य पीक बी. बोंडू हे बी काढल्यावर उरणारे फळ, आणि ते दुसऱ्या दिवशी सडू लागते. म्हणजे कच्चा माल मुळातच स्वस्त आणि झाड पुढच्या वर्षी पुन्हा फळते. म्हणून फेणी प्रामाणिकपणे केली तरी स्वस्त असू शकते. किंमत पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र याच स्वस्ताईच्या आडून भेसळही होते. मळीपासून केलेले कारखान्यातले साधे स्पिरिट आणून त्यात थोडी फेणी आणि वासाचा अर्क घालायचा, हा त्यातला सोपा मार्ग.

चव घेताना काय पाहावे

जिथे पिणे कायदेशीर आहे तिथे, वयाने आणि तब्येतीने योग्य असलेल्यांनी, पोट भरलेले असताना आणि गाडी चालवायची नसताना, चव पुढीलप्रमाणे घ्यावी. वीस-पंचवीस मिलिलिटर पुरेसे होते.

पेला नाकाला चिकटवू नये. हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणावा आणि तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा. चांगल्या फेणीला अतिपिकल्या बोंडूचा, थोडा अननसासारखा, थोडा हिरवट वास येतो. तो उग्र असतो, पण फळाचा असतो. नुसताच नाकात झोंबणारा वास आला आणि त्यामागे फळ सापडले नाही, तर स्पिरिटची शंका घ्यावी.

दोन थेंब तळहातावर घेऊन चोळावे. मद्य उडून गेल्यावर मागे फळाचा मंद वास राहिला तर ती बोंडूचीच. अत्तरासारखा गोडसर वास राहिला तर अर्क घातलेला. काहीच राहिले नाही तर फेणीचे नाव फक्त लेबलवर आहे.

पहिला घोट अगदी लहान घ्यावा. तो जिभेला सवय होण्यासाठी असतो, त्यावर मत देऊ नये. दुसऱ्या घोटावर लक्ष द्यावे. चव सुरुवातीला, मधे आणि गिळल्यावर अशी तीनदा भेटली पाहिजे. स्वस्त भेसळीच्या बाटलीत सुरुवातीला मोठा चटका बसतो आणि मधे पोकळी असते. मग चमचाभर पाणी घालून पुन्हा पाहावे. पाण्याने चांगली फेणी खुलते, भेसळीची फिकी पडते.

दोषही ओळखता येतात. भांड्याचा तळ लागला असेल तर जळकट चव येते. रस प्रमाणाबाहेर आंबला असेल तर शिरक्याची आंबट झाक येते. खोडरबर किंवा नखांच्या रंगासारखा वास आला तर गाळताना पहिली धार नीट वेगळी काढलेली नसते. हे दोष अस्सल फेणीतही असतात, तेव्हा दोष दिसला म्हणजे भेसळ असे समजू नये. फेणी सौम्य हवी असेल त्यांनी अनंतमूळ घातलेली ‘दुकशिरी’ पाहावी.

चव जे सांगू शकत नाही

आता मुख्य गोष्ट. वर सांगितलेल्या साऱ्या खुणा दर्जा ओळखण्याच्या आहेत. बाटली सुरक्षित आहे का, हे त्यांवरून कळत नाही. विषारी दारूतले विष म्हणजे मिथेनॉल, कारखान्यात वापरले जाणारे रसायन. त्याचा वास आणि चव साध्या मद्याच्या इतकी जवळ असते की मिसळल्यावर कुणाच्याही जिभेला ते कळत नाही. तळहातावर चोळून कळत नाही. काडी लावून ज्वाळेचा रंग पाहण्याची युक्तीही भरवशाची नाही.

जुलै 2009 मध्ये अहमदाबादेत आणि जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने प्रत्येकी शंभराहून अधिक माणसे गेली. सप्टेंबर 2016 मध्ये तर आपल्या पर्वत पाटियावरून पुढे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कडोदरा-वरेली भागात हेच घडले. मरणाऱ्यांत बहुतेक वेळा कष्टकरी असतात, आणि मागे उरते ते न पिणारे घर.

म्हणून सुरक्षिततेचा भरवसा फक्त सीलबंद बाटली, परवानाधारक दुकान आणि उत्पादकाचे नाव, बॅच व मद्याचे प्रमाण छापलेले लेबल यांवरच ठेवावा. प्लास्टिकच्या कॅनमधली ‘घरची अस्सल’ कितीही जवळच्या माणसाने दिली तरी नाकारावी.

मिथेनॉलचा परिणाम बरेचदा बारा ते चोवीस तासांनी दिसतो. धूसर दिसणे, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे ही लक्षणे. ‘जास्त झाली, झोपू द्या’ म्हणून थांबू नये. लगेच 108 ला फोन करावा आणि डॉक्टरांना प्यायल्याचे स्पष्ट सांगावे. पोलिसांच्या भीतीने गोष्ट लपवली तर उपचाराची वेळ निघून जाते. यावर औषध आहे, पण ते वेळेत मिळावे लागते. घरातल्या न पिणाऱ्यांनी हा भाग लक्षात ठेवावा, कारण फोन बहुधा त्यांनाच करावा लागतो.

आपल्या राज्याचा कायदा

गुजरातमध्ये राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे 1960 पासून, दारूबंदी आहे. मूळ कायदा 1949 चा मुंबई राज्याचा. परवान्याशिवाय दारू जवळ बाळगणे, आणणे आणि पिणे हा इथे गुन्हा आहे, आणि 2017 पासून विक्री व वाहतुकीच्या शिक्षा अधिक कडक झाल्या आहेत. नवापूर स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे, हे ताप्ती लाइनने गावी जाणाऱ्या आपल्या सर्वांना माहीत आहे. त्याच फलाटावर चार पावले टाकली की बाटलीला लागू होणारा कायदा बदलतो. दमणहून येतानाही तेच. तेव्हा गोव्याची फेणी गोव्यातच चाखावी. पर्वत पाटियाला परतताना पिशवीत काजूगर आणि कोकम घेऊन यावे, ते सगळ्या घराला वाटून खाता येतात.