शिंदे, सिंदिया आणि स्मिथ एकाच कप्प्यात

१९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. पासष्टीनंतर निवृत्तिवेतन मिळणार, पण वयाचा पुरावा हवा; आणि त्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मनोंदच नव्हती. मग आधार उरला जुन्या जनगणनेचा. तिथे नावं होती, पण प्रगणकाने दारात उभं राहून जशी ऐकली तशी लिहिलेली. एकच आडनाव शेजारच्या गावात वेगळ्या स्पेलिंगने. ते शोधायचं कसं?

बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतले कारकून हाताने कार्डं लिहायला बसले. कार्डं लावली अक्षरांऐवजी आवाजावर, 'साउंडेक्स' पद्धतीने. १८८०च्या जनगणनेतली तर फक्त दहा वर्षांपर्यंतचं मूल असलेली कुटुंबंच घेतली, कारण १९३५ला पासष्टीचा असलेला माणूस तेव्हा दहाचाच असणार. सरकारी कामात इतका नेमका हिशेब क्वचित दिसतो.

पद्धत त्याहून जुनी. रॉबर्ट रसेल यांना तिचं पेटंट १९१८मध्ये मिळालं, दुसरं १९२२मध्ये. मार्गारेट ओडेल यांचंही नाव तिच्याशी जोडलेलं आहे. नंतर रूढ झालेले नियम पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं. पुढचे स्वर टाकायचे, एच, डब्ल्यू आणि वायसुद्धा. बी, एफ, पी, व्ही यांना १, सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २, डी, टी यांना ३, एलला ४, एम, एन यांना ५, आरला ६. लगतचे सारखे अंक एकदाच. एक अक्षर, तीन अंक. कमी पडले तर शून्यं. ओठांवरचे आवाज एका गटात, दातांजवळचे दुसऱ्या. वर्णमाला पाठ केलेल्याला यात नवल वाटणार नाही, आपले वर्ग उच्चारस्थानानुसारच लावलेले आहेत.

आता आपली आडनावं रोमन लिपीत यातून काढून पाहू. शिंदे : एस ५३०. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं इंग्रजांनी केलेलं 'सिंदिया' हे रूप एस-सीने सुरू होतं, तरी लगतचा सी गळतो आणि उत्तर तेच येतं, एस ५३०. इथवर पद्धत शहाणी वाटते. पण स्मिथही एस ५३०च! पाटील आणि पटेल दोघेही पी ३४०, जोशी आणि जोग दोघेही जे २००. उलट पवार डब्ल्यूने लिहिले तर पी ६००, व्हीने लिहिले तर पी १६०. वाघ डब्ल्यूचे आणि व्हीचे, फुले पी-एचचे आणि एफचे, यांची तर कधी भेटच नाही, कारण पहिल्या अक्षराला हात लावायचा नाही हा दंडक.

असाच जाच पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या आडनावांना झाला. मॉस्कोविट्झमधला मधला आवाज कोणी डब्ल्यूने लिहिला, कोणी व्हीने, की संकेत बदललाच. १९८५च्या सुमारास रँडी डेच आणि गॅरी मोकोटॉफ यांनी सहा अंकी पद्धत केली आणि पहिल्या अक्षरालाही अंक दिला. १९९०मध्ये लॉरेन्स फिलिप्स यांची 'मेटाफोन' आली, इंग्रजी उच्चारांचे बारकावे जाणणारी.

दुसरं घराणं आवाजाचं नाही, अक्षरांचं. सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५मध्ये मांडलेल्या मापात एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजतात. कुलकर्णी आणि कुळकर्णी यांत अंतर एक. पण 'कमल'पासून 'कमळ' आणि 'कमर' दोन्ही सारख्याच अंतरावर! ल-ळ जवळचे, ल-र त्या मानाने लांबचे, हे मापाला मुद्दाम शिकवावं लागतं. मराठीसाठी काही करायचं तर सुरुवात इथूनच हवी : श-ष, न-ण, ऱ्हस्व-दीर्घ यांच्या बदलाला कमी दंड.

साउंडेक्स आजही ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये तयार बसवलेलं आहे, म्हणून हाताशी आहे तेच वापरलं जातं. माझं मत विचाराल तर त्याने उमेदवार गोळा करावेत, निवाडा करू नये. संकेत जुळला म्हणून दोन माणसं एक ठरवणं किंवा जुळला नाही म्हणून एखाद्याचं नाव नाहीच म्हणणं, दोन्ही अन्यायच. अमेरिकी कारकूनसुद्धा कार्ड सापडल्यावर मूळ नोंद उघडून वय आणि घरचे लोक पाहतच.

तेव्हा रोमन लिपीतल्या यादीत स्वतःचं किंवा आजोबांचं आडनाव सापडलं नाही, तर पहिलं अक्षर बदलून पुन्हा शोधा : व्हीच्या जागी डब्ल्यू, एफच्या जागी पी-एच.