वेग कमी, जीव वाचतो

संध्याकाळी जळगावच्या आकाशवाणी चौकात दोन मिनिटे उभे राहून पाहा. काठी टेकत निघालेले आजोबा अर्ध्या रस्त्यात थबकतात, हात वर करतात. गाड्या मात्र थांबत नाहीत. सुरत-नागपूर वाहतुकीसाठी हा राष्ट्रीय महामार्ग आहे. इच्छादेवी चौकापासून खोटेनगरपर्यंत राहणाऱ्यांसाठी तोच शाळेचा, भाजीचा आणि दवाखान्याचा रस्ता आहे. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी आंदोलने केली, ती म्हणूनच.

अपघात विभागात इतकी वर्षे काढल्यावर मी जखम पाहतो तेव्हा मला वेग दिसतो. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या गाडीची धडक म्हणजे साधारण साडेतीन मीटर उंचीवरून पडणे. वेग ६० झाला, की तेच पडणे १४ मीटरवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून! वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. शिवाय ६० च्या वेगात चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच गाडी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. मेंदू आणि यकृत हा मार सोसू शकत नाहीत.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत शंभरातले सुमारे ६४ जण दुचाकीस्वार किंवा पादचारी होते. वळणरस्त्याने ट्रक शहराबाहेर काढले, तरी मोकळ्या झालेल्या रस्त्यावर मोटारी आणि दुचाकी सुसाटच धावणार. म्हणून चौकाआधी वेग कमी करणारे उंचवटे, दुभाजकात थांबायला जागा, चालण्याजोगा पदपथ आणि पुरेसा उजेड हवा. वृद्ध माणूस सेकंदाला मीटरभरही चालत नाही. सिग्नलची वेळ त्याच्या पावलांवर ठरावी.

आपल्या हातातही बरेच आहे. हेल्मेट घाला आणि त्याचा पट्टा लावा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट द्या. वस्तीतून जाताना वेग तीसच्या आत ठेवा.

अपघात दिसलाच तर १०८ला फोन करा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा, मान हलवू नका, पाणी पाजू नका. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नका.

घरी पाच मिनिटे उशिरा पोहोचलात तर चालेल. आमच्याकडे मात्र येऊ नका.